मिलिमीटरमध्ये दहा लाटा

अॅल्युमिनियमच्या पट्टीत ५० मिलिमीटर व्यासाचं गोल पॉकेट, म्हणजे खळगा, कापून झालं, की कीस झटकून आधी आतल्या भिंतीवरून नख फिरवून बघावं. डोळ्याला सगळं गुळगुळीत दिसतं, नख मात्र चार जागी अडखळतं. घड्याळात जिथे बारा, तीन, सहा आणि नऊ असतात, नेमक्या त्याच जागा. टूल तेच, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) तोच, धातू तोच. मग याच चार ठिकाणी काय होतं? घरी छोटी सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारं मशिन, चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, आणि त्याच्या मागे लागलं की मशिनचं अख्खं पोट उघडून बघावं लागतं.

गोल कापताना टूलचा एकूण वेग कायम असतो, पण तो एक्स आणि वाय या दोन अक्षांत वाटला जातो. बाराच्या जागी वायचा वेग शून्यावर येतो, दिशा उलटते आणि मग पुन्हा वाढायला लागतो. प्रोग्रॅममध्ये फीड मिनिटाला ३०० मिमी दिला असला, तरी त्या बिंदूच्या पाच अंश अलीकडे वाय अक्ष मिनिटाला जेमतेम २६ मिमीने सरकत असतो. पाच अंश अलीकडून पाच अंश पलीकडे जाताना टूल चार मिलिमीटरहून जास्त लांबीचा कंस कापतं. तेवढ्यात वाय ०.०९५ मिमी पुढे जातो आणि तेवढाच मागे येतो. माझ्या मशिनवर ५ मिमी लीडचे (एका फेरीत टेबल ५ मिमी सरकवणारे) बॉलस्क्रू आहेत, मोटारी स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या, नेहमीच्याच १.८ अंशांच्या, म्हणजे फेरीला २०० स्टेप. एक पूर्ण स्टेप ०.०२५ मिमीची. त्या अख्ख्या कंसात वायला जाताना चार आणि येताना चार स्टेपही धड मिळत नाहीत. फीड कितीही वाढवा, प्रत्येक वर्तुळ मोटारीला चार वेळा रांगायला लावतंच.

आणि एरवी तरी आपण कुठे पळत असतो? लहान मशिन, बारीक एंडमिल (कापणारं टूल), स्टीलचा जॉब. मिनिटाला ६० मिमीपासून ३०० मिमीपर्यंत आपलं सगळं आयुष्य जातं. ६० मिमी म्हणजे सेकंदाला ४० पूर्ण स्टेप, ३०० मिमी म्हणजे २००. नेमा २३ मापाची मोटार ज्या वेगाला थरथरते आणि टेबलासकट ठणठणते, तो पट्टा बहुतेकदा याच्याच मधे कुठेतरी पडतो. रॅपिडला, म्हणजे न कापता नुसतं सरकताना, मिनिटाला २००० मिमीने टेबल सरसर जातं, एक आवाज नाही. कापायला घेतलं की कुरकुर सुरू.

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: मोटार लहान पडते, मोठी लाव. नाहीतर करंट वाढव. हा सल्ला मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांत सांगतो. नेमा २३ ची साधारण १.९ न्यूटन मीटर टॉर्कची मोटार ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूवर बसवली, की घर्षणातली घट धरूनही ती टेबलाला दोनशे किलोच्या आसपास रेटा देऊ शकते. ६ मिमीच्या एंडमिलने अॅल्युमिनियम कापताना लागणारं बळ त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय स्टेपर मोटारीची ताकद सगळ्यात जास्त असते ती मंद गतीलाच. वेग वाढला की वाइंडिंगचा इंडक्टन्स करंट चढू देत नाही, उलट व्होल्टेज तयार होतं आणि टॉर्क उतरतो. म्हणजे जोरात पळताना स्टेप चुकल्या तर ताकद कमी पडली म्हणावं, पॉवर सप्लायचं व्होल्टेज तपासावं. हळू चालताना चुकल्या तर ताकदीकडे बघायचं कारणच नाही. तिथे प्रश्न पडतो तो पावलं सारखी पडतायत का, हा.

मोटार उघडून पाहिली तर (उघडू नये, चुंबकत्व उतरतं) रोटरवर दोन दातेरी टोप्या दिसतात. प्रत्येकीवर ५० दात, आणि एक टोपी दुसरीपासून अर्ध्या दाताने सरकवलेली. एका दाताच्या अंतरात चार पूर्ण स्टेप, म्हणून फेरीला २००. करंट एका फेजमधून (तारेच्या एका वेटोळ्यातून) दुसऱ्या फेजमध्ये गेला की रोटर पुढच्या जागी उडी घेतो, पण तिथे लगेच थांबत नाही. थोडा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे, आणि मग स्थिरावतो. चुंबकाने धरलेला रोटर हा स्प्रिंगला लटकवलेल्या वजनासारखा वागतो, त्याला स्वतःची लय असते. भरलेली बादली घेऊन चालताना पाऊल एका ठरावीक लयीत पडलं की पाणी हिंदकळून पायावर येतं, जरा भरभर किंवा जरा सावकाश चाललं की येत नाही, तसंच हे. स्टेप त्या लयीत पडायला लागल्या की प्रत्येक स्टेप आधीच्या हेलकाव्यात भर घालते. हेलकावा फारच वाढला तर रोटर शेजारच्या दातावर जाऊन बसतो आणि एका दमात चार पूर्ण स्टेपची चूक होते. आमच्या मशिनवर ०.१ मिमी.

आता करंट वाढवला तर काय होईल? स्प्रिंग आणखी कडक होईल, प्रत्येक झटका आणखी जोराचा बसेल. कित्येकदा करंट एका घराने कमी केल्यावर ठणठणाट शांत होतो. ड्रायव्हरवरचा, म्हणजे मोटारीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवरचा, छोटा डिप स्विच वर ढकलायच्या आधी एकदा खाली ढकलून बघावा, एवढंच माझं म्हणणं.

मायक्रोस्टेपिंगचा, म्हणजे एका स्टेपचे बारीक भाग करण्याचा, खरा उपयोग इथे आहे. दोन फेजमधले करंट साइन आणि कोसाइनप्रमाणे हळूहळू बदलत नेले की उडीच्या जागी उतार येतो. आठ भाग केले की फेरीला १६०० पल्स (एका मायक्रोस्टेपला एक इशारा), मिलिमीटरला ३२०. लोक याकडे अचूकता वाढवायचं साधन म्हणून बघतात. माझ्या दृष्टीने ते आधी थरथर कमी करायचं साधन आहे. अचूकतेबद्दल पुढे बोलू, कारण तिथे एक मोठी अडचण आहे.

दोष शोधायची माझी आवडती पद्धत म्हणजे तिरकी रेघ. १०० मिमी लांबीच्या पट्टीची एक कड अशी कापायची, की एक्स १०० मिमी जाईल आणि तेवढ्यात वाय फक्त १ मिमी सरकेल. फिनिश पास हलका, ०.२ मिमीचा. फीड मिनिटाला ३०० मिमी असला तरी वाय त्यात मिनिटाला फक्त ३ मिमीने जातो, म्हणजे सेकंदाला दोन पूर्ण स्टेप. ठणठणाटाच्या पट्ट्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे तो दोष आपोआप बाजूला पडतो. आणि वायमधली प्रत्येक चूक लांबीत शंभर पटीने ताणून समोर येते. खोलीतला दिवा घालवायचा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा आणि बघायचं. दोन-चार मायक्रॉनचा चढउतारही सावली टाकतो.

भिंतीवर दर १० मिमीला एक अशा दहा लाटा दिसल्या, तर त्याचा अर्थ वायच्या दर ०.१ मिमीला एक लाट. म्हणजे चार पूर्ण स्टेप, म्हणजे करंटचं एक पूर्ण चक्र. हा दोष स्क्रूचा नाही आणि टेबल जिच्यावर सरकतं त्या स्लाइडचाही नाही. तो ड्रायव्हरमध्ये किंवा वायरमध्ये आहे. दोन फेजचे करंट सारखे नाहीत, किंवा साइनचा आकार शून्याच्या आसपास मोडलाय. स्वस्त ड्रायव्हरमध्ये हे दुसरं कारण फार आढळतं. चिप करंट चालू-बंद करून आवरते, आणि चालू ठेवायचा एक किमान काळ तिला पाळावाच लागतो. सप्लायचं व्होल्टेज जास्त आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स कमी असेल, तर तेवढ्या काळातही करंट हवा त्याहून वर चढतो. मोठा करंट असताना हे खपून जातं. शून्याजवळ, जिथे नेमका अगदी थोडा करंट हवा असतो, तिथे साइनची चक्क पायरी होते. त्या पायरीवर रोटर काही मायक्रोस्टेप जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. प्रत्येक फेजचा करंट चक्रात दोनदा शून्यावर येतो, म्हणून कधीकधी लाटा दुप्पट दाट, ५ मिमीच्या अंतराने दिसतात.

त्याच भिंतीवर अडीच मिलिमीटरला एक अशी बारीक नक्षी असेल, तर ती पूर्ण स्टेपची. मायक्रोस्टेपचे डिप स्विच बघावेत, किंवा मोटारीचा स्वतःचा डिटेंट टॉर्क, म्हणजे करंटशिवायही हाताला जाणवणारी ती खटखट, जास्त आहे असं समजावं. आणि अंतरात काही नियमच नसेल, कुठे लांबलचक सपाट पट्टा, मग एकदम पायरी, पुन्हा सपाट, तर इलेक्ट्रॉनिक्सकडे जायचंच नाही. तो अडका आहे, घर्षणाचा. स्क्रूचा दोष या एका मिलिमीटरमध्ये मावत नाही. त्यासाठी डायल गेज लावून टेबल १५-२० मिमी चालवावं लागतं, आणि चूक दर ५ मिमीला पुन्हा पुन्हा आली तर कपलिंग वाकडं बसलंय किंवा थ्रस्ट बेअरिंग डुगडुगतंय.

ड्रायव्हरवर संशय आला, की एक्सचा ड्रायव्हर वायला आणि वायचा एक्सला लावून पुन्हा कापावं. लाटा ड्रायव्हरच्या मागे गेल्या तर निकाल लागला. वायर काढताना सप्लाय बंदच हवा. चालू ड्रायव्हरची मोटार सोडवली की वाइंडिंगमधली ऊर्जा उसळी मारते आणि ड्रायव्हर जळतो. वायरिंगचे बाकीचे दोष लवकर सापडतात. एक फेज सुटली की मोटार जागच्या जागी थरथरते आणि कधी सुलटी, कधी उलटी फिरते. टेबल एका ठरावीक जागी आल्यावरच तसं होत असेल, तर ड्रॅग चेनमध्ये (वायर सांभाळणाऱ्या साखळीत) वायर आतून तुटलेली असते.

आता घर्षणाकडे. यातलं मला जे कळतं, ते आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या माणसांमुळे. तिथे फाउंड्री आणि मशिनशॉप अशी लगटून आहेत, की हाताने स्लाइड वाचणारा माणूस दोन गल्ल्यांत भेटतो. आमच्या शेजारी असेच एक निवृत्त फिटर काका राहतात. मी करंटची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून बसलो होतो, तेव्हा ते दारात उभे राहून बघत होते.

"त्ये टीव्ही बंद कर आधी," ते म्हणाले. "मोटार सोडव."

"काका, मोटार चांगली आहे. ड्रायव्हर बघतोय."

"चांगलीच असू दे की. सोडव म्हणतोय न्हवं."

मी कपलिंगचे ग्रब स्क्रू ढिले केले. काकांनी स्क्रूचं टोक दोन बोटांत धरलं आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. इतकं सावकाश, की मला कंटाळा यावा. मधे दोन वेळा थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे. मग माझी बोटं त्याच जागी ठेवली. "आता तू फिरव. हितनं तितपर्यंत सैल हाय. कडंला आलास की धरतंय. कळलं का हाताला?"

कळलं. डव्हटेल स्लाइडचं काम बहुतेक मधल्या भागातच होतं, म्हणून ती मधे झिजते. मधला सैलपणा काढायला जिब, म्हणजे स्लाइडमधली फट भरणारी पट्टी, आवळली की दोन्ही टोकांना ती घट्ट होते. मधेच काम करायचं म्हणून कुणी जिब आणखी आवळतं, आणि मग कुठेच मोकळी राहत नाही. काकांनी जिब बाहेर काढली, निळं (टेकणारी जागा दाखवणारा रंग) लावून घासून बघितली. डाग दोन टोकांनाच उमटले, मधे कोरी. पुढचं काम त्यांनी स्क्रेपरने केलं, मला फक्त टॉर्च धरायला लावला. एक थर काढायचा, पुसायचं, निळं लावायचं, बघायचं. डाग पट्टीभर सारखे विखुरले तेव्हा कुठे थांबले. शेवटी स्लाइडवरचं ग्रीस रॉकेलने धुऊन काढायला लावलं आणि म्हणाले, "हितं स्लाइडवेचंच त्याल पायजे, ६८ नंबरचं."

तेलाचा हा आग्रह उगाच नसतो. थांबलेली स्लाइड हलवायला जे बळ लागतं, ते सरकती ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असतं. हा फरक जितका मोठा, तितका अडका मोठा: ताण साठतो, स्लाइड सुटते, हवी त्यापेक्षा पुढे जाते, पुन्हा अडकते. स्लाइडवे ऑइलमधली द्रव्यं नेमका हाच फरक कमी करतात, आणि तेल उभ्या पृष्ठभागावरही चिकटून राहतं. जोरात जाताना कुठलंही वंगण चालून जातं, रांगताना नाही.

मघाशी म्हटलेली अचूकतेची अडचण ती हीच. मायक्रोस्टेप दिला म्हणजे रोटर तेवढा हललाच, असं नसतं. रोटर चुंबकीय जागेपासून जितका मागे राहतो, तितका त्याला टॉर्क मिळतो, आणि हे नातं साइनचं आहे. १६ भागांतला एक मायक्रोस्टेप जेमतेम दहा टक्के टॉर्क उभा करतो. स्लाइडचं घर्षण मोटारीच्या वीस टक्के टॉर्कएवढं असेल, तर दोन मायक्रोस्टेप नुसते ताण साठवण्यात जातात, टेबल तीनेक मायक्रॉन मागे राहतं. जिब इतकी आवळली की घर्षण निम्म्या टॉर्कवर गेलं, तर ते आठ मायक्रॉन मागे राहतं. आणि दिशा उलटली की ही चूक दुप्पट होते, कारण आता दुसऱ्या बाजूने मागे राहायचं असतं. सोळा-सतरा मायक्रॉन! बॉलस्क्रूमध्ये एक मायक्रॉनही लूज नसताना. वर्तुळाच्या चार जागी नखाला जे लागतं, त्यातला मोठा वाटा हा असतो. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा (दिशा उलटताना वाया जाणाऱ्या चालीचा) आकडा टाकून तो बुजवणं मला मान्य नाही, कारण तेल वाळलं, थंडी पडली, जिब हलली की आकडा बदलतो.

आणखी एक कारण असं आहे, की ते मेकॅनिकलवाल्यांना दिसत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सुचत नाही. बऱ्याच ड्रायव्हरवर हाफ करंटचा स्विच असतो. शेवटच्या पल्सनंतर साधारण ०.४ सेकंद काही आलं नाही, की अक्ष थांबलाय असं धरून ड्रायव्हर करंट निम्मा करतो. मोटार गार राहते, सोय चांगली. पण ५० मिमीचं वर्तुळ मिनिटाला १०० मिमीने कापा आणि बाराच्या जागी वायच्या दोन पल्समधलं अंतर मोजा. ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे टूल कापतंय, अक्ष वळणावर आहे, आणि ड्रायव्हरने पकड निम्मी सोडली. फिनिशच्या कामात मी हा स्विच पूर्ण करंटवर ठेवतो. मोटार तापते, पण तिची बॉडी हात ठेवता येणार नाही इतकी तापली तरी वाइंडिंगचं इन्सुलेशन त्याहून बरंच जास्त सोसतं. जीआरबीएल या मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय आहे, डॉलर १ ($1) या सेटिंगची. तिची मूळ किंमत २५ मिलिसेकंद. हालचाल संपल्यावर तेवढ्या वेळात मोटारींचा करंट पूर्ण तोडला जातो आणि रोटर जवळच्या खाचेत घसरतो. तिथे २५५ टाकलं की करंट कायम राहतो. मिलिंगसाठी हेच हवं.

जीआरबीएलचा विषय निघालाच आहे, तर मंद गतीसाठी त्यात केलेलं एक काम मला मनापासून आवडतं. तिरक्या रेषेवर दोन मोटारींना पल्स कसे वाटायचे, हे आजही जॅक ब्रेसनहॅमच्या पद्धतीवर ठरतं. त्यांनी ती १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना कागदावर रेघ काढणाऱ्या प्लॉटरसाठी बसवली, १९६५ मध्ये ती छापून आली. नुसती बेरीज-वजाबाकी, भागाकार नाही, म्हणून आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरच्या चिपलाही झेपते. खोट एकच. जो अक्ष कमी चालतो, त्याचे पल्स मुख्य अक्षाच्या ठोक्यावरच पडू शकतात. चाराला तीन अशा प्रमाणात रेघ असली, की दुसऱ्या मोटारीला तीन पल्स लागोपाठ आणि मधे एक खाडा, असं मिळत राहतं. वेग जास्त असताना रोटरच्या जडत्वात हे बुजतं. हळू चालताना मोटार प्रत्येक खाडा ऐकवते. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून यावर उपाय आहे: मुख्य अक्षाचे पल्स सेकंदाला ८००० च्या खाली आले की आतला ठोका दुप्पट, ४००० च्या खाली चौपट, २००० च्या खाली आठपट वेगाने चालवायचा, म्हणजे दुसऱ्या अक्षाला आपली जागा बारीक मोजून घेता येते. आमच्या तिरक्या रेघेत एक्सला सेकंदाला १६०० पल्स जातात, त्यामुळे ती आठपटीत बसते. चिपला कमी काम असतं तेव्हा तो मोकळा वेळ मोटारीच्या चालीसाठी खर्च करायचा, यातलं शहाणपण ज्यांना सुचलं त्यांचं कौतुक वाटतं.

इतकं सगळं करूनही ठणठणाटाचा पट्टा जात नाही, सरकतो फक्त. म्हणून तो लिहून ठेवणं बरं. टेबल मिनिटाला २० मिमीपासून ४०० पर्यंत वीस-वीसने वाढवत चालवायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बॉडीवर आणि मूठ कानाला. मोटार सोडवून, नुसतीच फिरवून हे करू नये. भार नसला की थरथर जास्तच होते आणि आकडे फसवे येतात. माझ्या वाय अक्षाला मिनिटाला १५० ते १९० मिमी सोसत नाही. एक्सवर टेबल आणि व्हाइसचं वजन जास्त, त्याचा पट्टा थोडा खाली आहे. फिनिश पास मी १२० ला घेतो किंवा सरळ २४० ला, आणि स्पिंडलचे फेरे त्याप्रमाणे बदलतो. वायच्या मोटारीला मागे शाफ्ट आहे, त्यावर रबरात बसवलेली लोखंडी चकती लावून बघायची आहे. हेलकाव्याची ऊर्जा रबरात जिरली, तर पट्टा अरुंद व्हायला हवा. चकती काकांच्या ओळखीच्या लेथवर टर्न होतेय. झेडचे आकडे अजून घेतलेले नाहीत, कारण हेडचं वजन तोलायला गॅस स्प्रिंग बसवायचा आहे, आणि तो बसला की तिथलं घर्षण आणि पट्टा दोन्ही बदलणार.